गेममधलं झाड चांगलं की वाईट, हे ठरवायचं कसं?

घाटमाथा

गेमच्या ग्राफिक्सवर वाद घालताना लोक चेहऱ्यावरचा घाम, पाण्यातलं प्रतिबिंब, गाडीच्या पत्र्याची चमक यावर तासन् तास बोलतात. झाडांचा विषय निघाला की "फॉलिएज दाट आहे" म्हणून मोकळे. दाट म्हणजे चांगलं, असं कुणी ठरवलं?

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला. मागच्या दारातून बाहेर पडलं की रानच. त्यामुळे असेल, कुठलाही गेम लावला की माझं लक्ष आधी झाडांकडं जातं. माझी पट्टी अशी आहे: पानं किती बारकाईनं काढलीत हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं ते झाड तिथं वाढलंय की आणून ठेवलंय. 'रेड डेड रिडेम्पशन २' (२०१८) मध्ये बर्फातल्या पाइनमधून घोडा खाली आणला की झाडं हळूहळू बदलत जातात, आणि दलदलीत पोचेपर्यंत लोंबत्या जटांचे सायप्रस लागतात. नकाशा न उघडता आपण कुठं आहोत ते झाडांवरून कळतं. माझ्याकडून दहापैकी नऊ.

उलट उदाहरण घरचंच घ्या. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' (२०१७) चा मोठा भाग पश्चिम घाटात घडतो. होयसळांचे अवशेष, जीप, चिखल, हत्ती, सगळं आहे. आपला घाट म्हणून हौसेनं घेतला. दिसायला अप्रतिम, खरं त्या रानात मला एक झाड नावानं हाक मारण्यासारखं दिसलं नाही. हिरवं आहे, ओलं आहे, मोठं आहे, बास. तेच रान उचलून व्हिएतनामात नेऊन ठेवलं तरी कुणाला कळणार नाही.

तर तुम्ही झाडांना मार्क कसे देता? आणि पहिला नंबर कुणाचा?

कुंदाप्रेमी

पहिला! आता धागा वाचून येतो.

हेडशॉट_हिंडलगा

दादा, बीजीएमआयमध्ये (आपलं भारतातलं पबजी) झाडाची एकच परीक्षा. मागं लपल्यावर खांदा बाहेर राहतो की नाही. इरँगल नकाशातली काडीपैलवान झाडं नापास. गोळी कुठल्याच बुंध्यातून आरपार जात नाही, म्हणजे लाकूड चांगलंच असणार. पानं कशाला बघू, पानांच्या आड कोण बसलाय ते बघतो.

कुंदाप्रेमी

वाचला. @हेडशॉट, असलं लाकूड मिळालं तर आमच्या चौकटींना सांग. जिथं गोळी शिरत नाही तिथं वाळवी काय शिरणार.

कॅम्पवाला

धागाकर्त्याशी अर्धा सहमत.

झाडाला मार्क देताना मशीन कुठल्या काळातलं होतं ते बघायला नको काय? 'व्हाइस सिटी' (२००२) मधले ताडमाड आठवा. खोड म्हणजे चारपाच कोनांची नळी आणि वर चपट्या झावळ्या. तरी संध्याकाळच्या उजेडात समुद्रकाठच्या रस्त्यानं गाडी काढली की आपण मायामीसारख्या शहरात आहोत हे पटायचं. 'आयजीआय'ची झाडं जवळ गेल्यावर पुठ्ठ्याची निघायची. ते दिवस म्हणजे कॅफेत तासाचे पैसे देऊन बसायचं आणि मालक मागं उभा. झाडं बघायला वेळ कुणाला होता! मग २००७ ला 'क्रायसिस' आला. गोळ्या मारल्या की झाड मारलं तिथंच मोडून पडायचं. आमच्या ओळखीत एकाच्याच पीसीवर तो चालायचा, आणि आम्ही शत्रू सोडून झाडंच पाडत बसायचो.

त्यात 'स्पीडट्री' विसरून चालणार नाही. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातल्या आयडीव्ही कंपनीचं हे झाडं बनवायचं सॉफ्टवेअर. 'ऑब्लिव्हियन' (२००६) ची जंगलं त्याच्यावर केलेली, 'विचर ३' (२०१५) ची पण. सिनेमावाल्यांनीही ते इतकं वापरलं की २०१५ मध्ये त्याला ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये गेम इंजिनवाल्या युनिटीनं कंपनीच विकत घेतली. सांगायचा मुद्दा, वेगवेगळ्या गेममधली निम्मी झाडं एकाच नर्सरीतून आल्यासारखी वाटतात ती उगीच नाही.

माझा पहिला नंबर 'विचर ३'. कारण वारा. स्वच्छ उन्हातसुद्धा झाडं अशी घुसळतात की जूनमधला चोर्ला घाट आठवतो.

घाटमाथा

@कॅम्पवाला, त्या वाऱ्यावरच माझा आक्षेप आहे. सगळी झाडं एका तालात हलतात. आपल्याकडं बघ, वारं पडलेल्या दुपारी पिंपळाची पानं सळसळत असतात आणि शेजारचा आंबा गप्प उभा असतो. पिंपळाचा देठ लांब आणि लवचीक, त्याला नुसती झुळूक पुरते. आंब्याला तेवढ्यानं काही होत नाही. झाडागणिक वारा वेगळा दिसला पाहिजे.

शहापूरची_सई

तुम्ही सगळे मोठ्या मशीनवाले दिसताय. आमच्या घरात माइनक्राफ्टचं राज्य आहे. मुलगा नऊ वर्षांचा, दिवसभर लाकूडतोड्या.

त्यात बुंध्याचा खालचा ठोकळा काढला तरी वरचं झाड हवेत तसंच राहतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आवरेना. खोड सगळं काढलं की मग पानं आपोआप विरत जातात. पान खोडापासून सहा ठोकळ्यांपेक्षा लांब पडलं की ते टिकत नाही, असा नियम आहे म्हणे. लेकाला पाठ आहे, शाळेतले पाढे नाहीत.

पण मला त्या चौकोनी झाडांची बाजू घ्यायचीय. तिथं झाड लावता येतं. पानं विरताना रोप खाली पडतं, ते मातीत लावायचं, उजेड ठेवायचा आणि वाट बघायची. डार्क ओकला तर चार रोपं चौकोनात लावावी लागतात, एकट्याचं झाड होत नाही. तुमच्या नऊ मार्कांच्या गेममध्ये एक तरी झाड लावता येतं काय? तिथं झाड आधीपासून उभं असतं आणि शेवटपर्यंत तसंच राहतं. वाढणं हा झाडाचा मुख्य उद्योग आहे, तोच गायब असेल तर पानं मोजून काय करायचं?

हेडशॉट_हिंडलगा

ताई +१. खरं झाड वाढेपर्यंत झोन येतो की, म्हणजे खेळायची हद्दच आवळत येते.

करवत

लाकडाच्या धंद्यातला माणूस आहे, म्हणून बोलतो. गेममधलं झाड उभं असताना कसं दिसतं ते तुम्ही बघा. मी कापल्यावर बघतो. पोरगा खेळत असताना शेजारी बसलो की तोडलेल्या ओंडक्याचं तोंड दिसतं. मध्ये बरोबर ठिपका आणि भोवती एकसारखी गोल वलयं. सगळ्या झाडांना तेच.

सागाला वलयं स्पष्ट असतात, बरोबर. खरं आंबा कापा, फणस कापा, अशी कंपासनं काढल्यासारखी वलयं दिसणार नाहीत. बारमाही हिरव्या रानातल्या कितीतरी झाडांचं तसंच. वलय उठायला वाढ थांबायला लागते आणि परत सुरू व्हायला लागते. थंड देशात बर्फ पडून थांबते, सागाची कोरड्या दिवसांत थांबते. पाऊसरानातल्या झाडाला तेवढं कारणच नसतं. माइनक्राफ्टमधल्या जंगलवाल्या, म्हणजे पाऊसरानातल्या ओंडक्यालाही वलयं आहेत. आणि गाभा कधी मधोमध नसतो हो. उतारावर वाढलेल्या झाडाचा एका अंगाला सरकलेला असतो. असला ओंडका फळ्या काढायला बसलं की घाम फुटतो.

कुंदाप्रेमी

@करवत, मालक, 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) मध्ये प्रत्येक झाडाचं बरोबर १०० लाकूड निघतं. ताडाचं पण १००, पाइनचं पण १००. घट नाही, भुसा नाही, वाहतूक नाही. धंदा तिकडं हलवा.

करवत

ताडाचं १०० देणारा भेटला तर मीच त्याच्याकडं कामाला जातो.

निवृत्त_वनवासी

धागा रोज वाचत होतो, आज लिहितो. नोकरी जंगलखात्यात झाली, बरीचशी जांबोटी, लोंढा, नागरगाळी भागात. नातू खेळतो तेव्हा मागे खुर्ची टाकून बसतो. त्याला वाटतं आजोबांना मारामारी आवडते.

पहिली गोष्ट, एकच झाड पुन्हा पुन्हा येतं. नातवाला म्हटलं, "हे मघाशी गेलं की, डाव्या अंगाला मोडलेली फांदी होती." तो म्हणाला नाही. पुढे परत तेच, फक्त तोंड फिरवलेलं आणि थोडं बुटकं. मग तोही मोजायला लागला आणि त्या नादात मेला. म्हणजे गेममध्ये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माळावर एकटा वाढलेला ऐन आणि गर्दीत वाढलेला ऐन, जात एक असली तरी आकार एक नसतो. मोकळ्यावरचा खालपासून फांद्या टाकून पसरतो. गर्दीतला उजेडासाठी सरळ वर जातो, खालच्या फांद्या सावलीत वाळून गळतात आणि पानांचा पसारा फक्त शेंड्याला. गेममध्ये मी पसरलेली झाडं खांद्याला खांदा लावून उभी बघतो. अशी फांद्यात फांद्या घुसवून झाडं वाढत नाहीत. कंकुंबीकडं सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर जा, तिथलं जांभूळ वाऱ्यानं आणि उथळ मातीनं डोक्याएवढं राहिलेलं दिसेल, आणि खाली दरीत तेच जांभूळ मान वर करून बघावं लागेल.

तिसरी, वय. खऱ्या रानात म्हातारी झाडं मोजकी आणि पोरं फार. पायाखाली बोटाएवढी रोपं, कमरेएवढी, मनगटाएवढी जाड, काही उजेडाअभावी वर्षानुवर्षं तशीच खुंटलेली. वरचं एखादं म्हातारं पडलं की उजेड येतो आणि त्यांची झुंबड उठते. गेममधलं रान म्हणजे सगळे एका वयाचे. आम्ही लावलेल्या सागाच्या प्लॉटात तसं दिसायचं, त्याला आम्ही रान म्हणत नव्हतो.

चौथी, अंगावरच्या खुणा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी फुटलेली, नाण्याची गुळगुळीत पांढरट. अंधारात हात लावून ओळखता येतात. पण नुसती साल नको. वाळवीचा मातीचा लेप पाहिजे, तांबड्या मुंग्यांनी पानं जोडून केलेलं घरटं पाहिजे, आंब्यावर बांडगूळ पाहिजे, ढोली पाहिजे. धनेश ढोलीशिवाय घर करत नाही. आणि गावाजवळच्या झाडाला कुणीतरी जळणासाठी, चाऱ्यासाठी हात लावलेला असतोच, कोयत्याच्या घावावर परत फुटवे आलेले असतात. सात गावं ओलांडून तो हीरो घोड्यावर जातो आणि एका झाडाला कोयत्याचा घाव नाही? मग त्या गावात चुली कशावर पेटतात?

जास्त झालं. चष्मा दुखायला लागला.

कॅम्पवाला

काका, दंडवत. चुलीचा प्रश्न कुठल्याच रिव्ह्यूत वाचला नव्हता.

तुम्ही एकदा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८) बघाच. १४०३ सालचा बोहेमिया, करणारे चेक लोकच. त्यातलं जंगल बऱ्याच जणांना खरं वाटतं कारण ते नीटनेटकं नाही. झुडपात अडकायला होतं, रस्ता चुकतो, आत गेलं की उजेड कमी होतो. सुंदर दिसण्यासाठी फार धडपड नाही.

घाटमाथा

काकांचा प्रतिसाद वाचून माझ्या "वाढलंय की आणून ठेवलंय" याला हातपाय फुटले. एक भर घालतो, ऋतू. गेममध्ये पानगळ म्हटलं की सगळं केशरी, म्हणजे थंड देशातली. आपल्याकडं मार्चमध्ये साग उघडा पडलेला असतो, पळस बिनपानाचा फुललेला असतो आणि त्याच दिवसांत कुसुंबाला लालभडक पालवी असते. नवखा माणूस म्हणेल झाडाला आग लागली. थंडीत किंजळ तांबूस झालेला असतो, ती फुलं नाहीत, फळं. एकाच डोंगरावर प्रत्येकाचं कॅलेंडर वेगळं.

'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) मध्ये पिवळ्या गिंकोंचं रान आहे. पानं सारखी गळत असतात, खरं झाडावरचं एक पान कमी होत नाही. एवढा साठा कुठून येतो?

चित्रकला_सर

थोडा विरोध नोंदवतो. चिकोडीला शाळेत चित्रकला शिकवतो.

तुम्ही सगळे जवळून बघताय. साल, मुंग्या, वलयं. चित्रकार आधी लांबून बघतो. संध्याकाळी एसटीच्या खिडकीतून नुसती काळी आकृती दिसते तरी आपण म्हणतो तो सुरू, ती चिंच, ती सावर. सावरीच्या फांद्या खोडातून आडव्या, टप्प्याटप्प्यानं चक्रासारख्या निघतात, लांबूनही लपत नाही. ही आकृती जमली तर पानं न काढता झाड उभं राहतं. 'फायरवॉच' (२०१६) बघा. सपाट रंगांचे थर, डोंगरावर झाडांच्या निव्वळ आकृत्या. तरी वायोमिंगच्या रानात उभं असल्यासारखं वाटतं. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) ची झाडं तर कार्टूनच, पण त्यावर चढता येतं, सफरचंद काढता येतं, तोडून ओंडका करता येतो, त्याचं लाकूड जाळता येतं. 'त्सुशिमा'चंही तेच. तिथला वारा वाट दाखवायला आहे, पानं त्या वाऱ्याची रेषा आहेत. पानांचा हिशोब मागणं म्हणजे चित्राला वजन विचारणं.

माझी मुलं झाड काढायला सांगितलं की तपकिरी खांब आणि वर हिरवा ढग काढतात. ढग पुसायला सांगून आधी नुसत्या फांद्या काढायला लावतो. लिओनार्डो दा विंचीनं लिहून ठेवलंय की फांद्यांच्या जाड्या एकत्र केल्या तर खोडाएवढ्या भरतात. मोठ्या खर्चाच्या गेममध्येसुद्धा जाड खोडाला अचानक काडी फुटलेली दिसते. पानं आहेत म्हणून झाकून जातं.

निपाणकर

झाडांचं चाललंय खरं ऊस राहिला. 'फार्मिंग सिम्युलेटर १७'च्या प्लॅटिनम आवृत्तीत ऊस आला होता. मोठ्या आशेनं लावला. हार्वेस्टर फिरला, ट्रेलर भरला, विकला, पैसे लगेच जमा. तोडणी टोळीला उचल देणं नाही, तोड कधी येणार म्हणून कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं लागणं नाही, वजनकाट्यावर रांग नाही. याला वास्तववादी म्हणतात! लाकूडतोडीचं काम त्या मालिकेत '१५' आवृत्तीपासून आहे, ते बरं जमलंय. फांद्या छाटा, ओंडके करा, उचलून घाला.

कुंदाप्रेमी

पैसे लगेच जमा? काल्पनिक साहित्य विभागात हलवा हा प्रतिसाद.

हेडशॉट_हिंडलगा

ऊस झाड नाही, गवत आहे.

निपाणकर

आमच्या निपाणीत येऊन सांग हे.

हेडशॉट_हिंडलगा

निपाणी कुणाची ते आधी ठरू दे.

संपादक

इथून पुढे निपाणी, बेळगाव, कारवार कुणाचं यावरचा प्रत्येक प्रतिसाद उडवला जाईल. झाडांवर बोला. उसाला तात्पुरतं झाड मानावं.

पिक्सेल_पाटील

मूळ येळ्ळूरचा, सध्या पुण्यात गेम आर्टचं काम. झाडं करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, त्यामुळे हा धागा वाचताना रिमांडवर असल्यासारखं वाटतंय.

बाजू मांडतो. झाडाचं पान हे आमच्यासाठी सगळ्यात महागडं प्रकरण. गेममधली वस्तू बारक्या त्रिकोणांची जोडलेली असते, एकेक पान खरं करायचं म्हटलं तर एका झाडाला लाखो त्रिकोण लागतात. म्हणून अख्ख्या डहाळीचा फोटो एका चपट्या पट्टीवर चिकटवतो आणि पानांमधली जागा पारदर्शक ठेवतो. अशा शेकडो पट्ट्या एकमेकींवर आल्या की ग्राफिक्स कार्ड तोच ठिपका पुन्हा पुन्हा रंगवत बसतं, दम लागतो. लांबचं झाड तर एक चित्रच असतं, तुम्ही जवळ आलात की टप्प्याटप्प्यानं जड मॉडेल येतं. चालता चालता झाड टपकन बदललेलं दिसतं ते यामुळे. आता हे बदलतंय. 'फोर्टनाइट'च्या चौथ्या चॅप्टरमध्ये (डिसेंबर २०२२) अनरियल इंजिनच्या नॅनाइट या नव्या तंत्रावर एकेक पान खरं केलेली झाडं आली, एका झाडाला सुमारे तीन लाख पॉलिगॉन, म्हणजे तसलेच तुकडे. पण ते दणकट मशीनवर. @हेडशॉटच्या फोनवर नाही.

काका, तेच झाड परत येतं हे खरंय. एका जातीचे पाचसहा नमुने करतो आणि फिरवून, लहानमोठे करून पेरतो. सगळे वेगळे केले तर मेमरी पुरत नाही. खूण ठळक ठेवायची नाही, हा धंद्यातला नियम. ती मोडकी फांदी ज्यानं ठेवली त्याला बोलणी बसली असतील. माळावरचं आणि गर्दीतलं हा फरक मात्र आता तयार झाडांच्या विकतच्या संचात मिळतो. तरीही लेव्हल भरणारा माणूस घाईत असतो, दिसायला भरगच्च म्हणून मोकळ्यावरचंच झाड रानात ओततो.

@घाटमाथा, लॉस्ट लेगसीचं म्हणशील तर, खेळणाऱ्याला वाट दिसली पाहिजे, कुठं चढायचं ते कळलं पाहिजे, शत्रू पानांआड पूर्ण गडप होता कामा नये. खरं भीमगड अभयारण्याचं रान पावसाळ्यात ठेवलं तर दहा पावलांपुढचं दिसणार नाही. तो गेम तिथंच संपेल.

घाटमाथा

वाट दिसण्याचं पटलं. जातींचं नाही. वाट मोकळी ठेवूनही एखादा ऐन, एखादा नाणा उभा करता आलाच असता. जागा तेवढीच लागली असती.

शहापूरची_सई

आणि होयसळांची राजधानी हळेबीड तरी कुठं जंगलात आहे? आम्ही सहलीला गेलो होतो. हासन जिल्ह्यात, तळ्याच्या काठाला, भोवती शेती आणि नारळ. गेममध्ये ते रानात हरवलेलं शहर करून टाकलंय. देऊळ भारतातलं आहे म्हटल्यावर त्याच्याभोवती वेली सोडल्याच पाहिजेत, असं बाहेरच्यांना वाटतं की काय.

पिक्सेल_पाटील

ताई, आपली झाडं गेममध्ये का नसतात त्याचं कारण रुक्ष आहे. फोटो काढून मॉडेल करायची पद्धत आल्यापासून ज्याच्या दारात जे झाड, तेच संचात. बीच, बर्च, ओक, पाइन हवे तेवढे मिळतात. ऐन कुठल्या संचात आहे? मी हुडकला, मिळाला नाही. मुदत जवळ आली की आर्टिस्ट जे मिळतं ते लावतो. परदेशातला काय आणि पुण्यातला काय.

निवृत्त_वनवासी

कॅम्पवाल्यांनी सांगितलेला तो बोहेमियाचा गेम नातवानं लावून दिला. मारामारी बाजूला ठेवून त्याला रानातच फिरायला लावलं. वैतागला.

रान आवडलं. झुडूप खरं वाटतं, पायवाटा जिथं असाव्यात तिथं आहेत. पण मार्क द्यायला बसलो तर हात चालेना. त्यातलं एक झाड माझ्या ओळखीचं नाही. कुठलं कुठल्या उतारावर यायला पाहिजे, कुणाच्या सावलीत कोण तग धरतं, यातलं मला तिथलं काही ठाऊक नाही. चूक असली तरी दिसणार नाही. घाटमाथांना घाटातली खोट दिसली कारण घाट त्यांचा आहे. त्या चेक देशातला एखादा फॉरेस्टवाला बसवा, तोही चार खोटी काढेल. तेव्हा पहिला नंबर कुणाचा हे मी सांगू शकत नाही. आपल्या झाडांचा गेम आणा, मग तांबडी पेन्सिल घेऊन बसतो.

कॅम्पवाला

काका, म्हणजे ज्याच्या त्याच्या रानाचा परीक्षक वेगळा. मग मी व्हाइस सिटीतल्या ताडांना दिलेले मार्क कायम. मायामी मी बघितलेलंच नाही.

चित्रकला_सर

आकृतीला पासपोर्ट लागत नाही, एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

पिक्सेल_पाटील

काकांच्या तांबड्या पेन्सिलीला खाद्य देतो. नोकरीच्या वेळेबाहेर एक छोटं रान करतोय. गेम नाही, नुसतं फिरायचं. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ आणि खाली करवंदीच्या जाळ्या. पुण्यात बसून साल मिळत नाही. कुणी फोटो काढून देणार काय? अटी सांगतो: ढगाळ दिवशी काढा, ऊन नको, सावल्या सालीत बसल्या की काढता येत नाहीत. फ्लॅश नको. खोडाभोवती फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येईल असं. जमिनीपासून डोक्यापर्यंत दोनतीन फेऱ्या. मुळाशी पालापाचोळा असेल तसाच राहू दे, साफ करू नका.

घाटमाथा

ऐन आणि नाणा माझ्याकडं. ढगाळ दिवसांची आमच्याकडं टंचाई नाही. अभयारण्याच्या आत शिरत नाही, गावच्या हद्दीतलीच झाडं घेतो.

निवृत्त_वनवासी

वाळवीचा लेप असलेलं खोडही घ्या. आणि कोयत्याचा घाव असलेलं एक.

शहापूरची_सई

बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोतल्या जुन्या झाडांचे मी काढते. लेकाला घेऊन जाते, तेवढाच तो स्क्रीनपासून लांब.

हेडशॉट_हिंडलगा

ताई, फोटो फोनवरच काढणार ना? मग कुठला लांब.

करवत

पाटील, कापलेल्या तोंडांचे फोटो पाहिजेत तर वखारीत या. सागाचे, फणसाचे, आंब्याचे ओंडके पडलेत, गाभा सरकलेला पण एक आहे. रविवारी बंद असते, शनिवारी दुपारी या. पाऊस लागायच्या आत या, नंतर तोंडाला बुरशी धरते.

पिक्सेल_पाटील

पावसाआधी एकदा येतो आणि नंतर एकदा. बुरशी धरलेलं तोंडही पाहिजे.